सात माणसं आणि अपेक्षित वाढ

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी दहा.

चष्मा डोक्यावर आहे, कंपाउंडर. कपाळ चाचपू नका, आणखी वर. हे पहिलंच वाक्य लिहून घ्या, म्हणजे उद्या वही उघडाल तेव्हा आधी चष्मा सापडेल आणि मग वही कुणाची ते आठवेल. वही माझी आहे. लिहिणारे तुम्ही आणि वाचणारेही तुम्हीच, कारण मला अक्षरओळख नाही आणि तुमचं अक्षर औषधाच्या दुकानाबाहेर कुणाला लागत नाही. त्यामुळे वही कुलपात ठेवायची गरज नाही.

तुम्ही कोण तेही लिहा, नाहीतर तेही विसराल. शेजारच्या खोलीतले, दवाखान्यातून रिटायर झालेले कंपाउंडर. संध्याकाळी माझ्याकडे जेवता. बदल्यात माझी बिलं आणि नोटिसा वाचता. आता ही वही वाढली.

वही कशासाठी, तर आपली कॉलनी पाडून नवी इमारत बांधणार आहेत. त्याआधी ऑफिसची माणसं इथे आणि सगळ्या भागात घरोघर जाऊन मोजणार: आत्ता घरात माणसं किती, दहा वर्षांत किती होतील. एकट्या माणसाला एक खोली आणि मजल्यावरचं स्वयंपाकघर सगळ्यांत मिळून. दोन ते चार माणसांना दोन खोल्या. पाचच्या वर तीन. ऑफिसात तोंडी बोलण्याला कुत्रं विचारत नाही, म्हणून सगळं लेखी ठेवायचं ठरवलं आहे.

माझ्याकडे सध्या तीन खोल्या आहेत. तीनच राहणार. काळजीचं कारण नाही, कारण आमच्या घरात माणसं सात. लिहा. मी. थोरला, थोरली सून, त्यांची मुलगी म्हणजे माझी नात. धाकटा, धाकटी सून. आणि लेक. झाले सात.

कंपाउंडर विचारतात, पण ही सगळी इथे कुठे राहतात?

इथेच राहतात. सध्या बाहेर आहेत, एवढंच. थोरला अकरा वर्षं बाहेर आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. दुपारी.

फॉर्म आला. कंपाउंडरांनी मोठ्याने वाचला. नववा कॉलम: दहा वर्षांत अपेक्षित वाढ. कंपाउंडरांनी शून्य सुचवलं. जन्मभर गोळ्या मोजून पुड्या बांधल्या, त्या माणसाला वाढ काय कळणार?

मी सांगते. धाकट्याला दोन मुलं. लग्नाला सहा वर्षं झाली, आता सुरुवात झाली की पटापट होतील. लेकीचं दुसरं लग्न, म्हणजे जावई एक. पहिला होता त्याच्याहून कुणीही बराच असेल. नातीचं लग्न: नवरा एक, मूल एक. एकूण वाढ पाच. सात आणि पाच बारा.

बारा माणसांना तीन खोल्या कशा पुरणार, हा आता माझा प्रश्न नाही. ऑफिसचा आहे. चौथी खोली मी मागणार नाही. दिलीच तर तोंड वाकडं करणार नाही.

कंपाउंडर म्हणाले, यातल्या कुणाला हे कळवलंय का?

योग्य वेळी कळवलं जाईल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

धाकट्याला फोन लावला. फ्रिज दुरुस्त करतो, त्यामुळे सदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रिजमागे डोकं घालून बोलतो. म्हणाला, आई, पटकन बोल, कॉम्प्रेसर उघडा पडलाय. मी सहज विचारलं, काही विशेष? म्हणाला, विशेष म्हणजे नवं वॉशिंग मशीन घेतलं. दहा किलोचं.

दोन माणसांना दहा किलो! फोन ठेवला आणि आधी पाणी प्यायले. एवढे कपडे कुणाचे होणार आहेत ते मला कुणी सांगायला नको. मुलं अशी बातमी सरळ देत नाहीत, आडून देतात. कंपाउंडर, एक बाळ पक्कं लिहा. पेन्सिलने नको, पेनाने.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.

पेनाने लिहिलेलं खोडा.

धाकट्या सुनेचा फोन होता. मशीन कुत्र्यासाठी आहे. कुत्रा आणलाय, वासराएवढा, आणि त्याच्या चादरी लहान मशीनमध्ये मावत नव्हत्या. फोटो पाठवला. कंपाउंडर म्हणाले, डोळे अगदी धाकट्यासारखे आहेत. हे लिहू नका.

मग मी मुलांचं विचारलंच. सून म्हणाली, आई, आम्हाला मूल नकोय, हे आम्ही दोघांनी मागच्या वर्षी तुमच्यासमोर बसून सांगितलं होतं. तुम्ही बरं म्हणालात.

म्हणाले असेन. तेव्हा मी ऐकत नव्हते.

फॉर्ममध्ये कुत्रा धरतात का, विचारायचं.

रविवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळी.

लेक येऊन गेली. लोकांना गाडी शिकवते. त्यामुळे कुणी काही वेडंवाकडं करतंय असं वाटलं की तिचा पाय आपोआप ब्रेक शोधतो. माझ्याशी बोलतानाही शोधतो.

मी गोडीगुलाबीने विषय काढला. तिच्याकडे एक दातांचा डॉक्टर शिकायला येतो, बायको जाऊन चार वर्षं झालेली. लेक म्हणाली, आई, तो टेस्टमध्ये तीनदा नापास झालाय. मी म्हटलं, म्हणजे माणूस चिकाटीचा आहे. पाय खाली. मी म्हटलं, म्हातारपणी दात फुकट होतील. पाय एकदम खाली, टेबल हललं.

मग म्हणाली, आई, मला माझं घर आवडतं. संध्याकाळी कुलूप उघडलं की आत कुणी नसतं ना, तेच मला आवडतं.

असं कुणी बोलतं का? पोरीची तब्येत बरी दिसत नाही. कंपाउंडर, टॉनिक सुचवा.

नातीचं विचारलं. ती कॉलेजजवळ खोली घेऊन मैत्रिणीबरोबर राहते. लेक म्हणाली, तिचं तिलाच विचार. मी विचारणार नाही. एका आठवड्यात तीन नकार कोण ऐकून घेईल? न विचारल्यामुळे नातीच्या बाजूचे दोन शाबूत आहेत. बारातून तीन गेले, राहिले नऊ. नऊ काही कमी नाहीत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

उद्या मोजणी. दिवसभर तयारी. टूथब्रश सात, सात रंगांचे, एका ग्लासात. दाराशी चपलांचे जोड सात: दोन माझे, पाच कंपाउंडरांचे जुने. ट्रंक उपसली तर थोरल्याचा शाळेचा सदरा निघाला, तो धुऊन दोरीवर टाकला. बाजारातून पातेलं आणलं, वीस माणसांचा स्वयंपाक होईल असं. दोघांनी दोन कान धरून जिना चढवलं. तीनदा टेकलो.

कंपाउंडर दम खात म्हणाले, हे खोटं आहे.

खोटं कसलं? माणसं खरी आहेत. मी फक्त त्यांच्या वस्तू आधी आणून ठेवल्या.

बुधवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळी सात.

मोजणीवाली साडेपाचला आली. नातीहून चार वर्षांनी मोठी असेल. हातात टॅब, बुटाने टाच सोललेली. मी बस म्हटलं, ती बसली नाही, बघत राहिली. बघते मात्र फार.

चपला बघितल्या. म्हणाली, आजी, यातल्या पाच जोडांचं माप एकच आहे. मी म्हटलं, आमच्या घराण्याचे पाय तसेच. ब्रशांवरून बोट फिरवलं. सहा कोरडे. मी म्हटलं, बाहेर आहेत सगळी. दोरीवरचा सदरा हातात घेऊन विचारलं, हे किती वर्षांचे? आता खरं बोलायची सवय पडलेली, निघून गेलं तोंडातून. त्रेपन्न. पातेलं उचलायला गेली तर खाली दुकानाचं लेबल.

तरी रागावली नाही. नियम समजावून सांगितला. नातं बघत नाहीत, आडनाव बघत नाहीत. सहा महिने जी माणसं एका स्वयंपाकातलं जेवतात, ती एक कुटुंब. एवढंच. मग म्हणाली, आजी, रोज ताटं किती लागतात?

मी सात म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात सहा वाजले. कंपाउंडर आत आले, मांडणीवरून आपलं ताट आपण घेतलं, आपल्या जागेवर बसले आणि भाताकडे बघू लागले.

हे कोण? शेजारी. रोज इथे जेवतात? मी डोळ्यांनी खुणा करत होते. पण ज्या माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नाही, त्याला हे बरोबर आठवलं. म्हणाले, नऊ वर्षं चार महिने. ती म्हणाली, रविवारीसुद्धा? रविवारी अंडी असतात, म्हणाले.

टॅबवर दोनदा टकटक. कुटुंब: दोन माणसं.

मी म्हटलं, अगं, पण सगळीकडे वाढ होतेय म्हणतात, आणि माझंच घर तू सातावरून दोनावर आणतेस? तिने मला सगळ्या भागाचा आराखडा दाखवला. रंगीत रेघा होत्या, मला काय कळणार? तिने सांगितलं. या भागात दहा वर्षांत शंभर माणसांमागे चार माणसं वाढणार. आणि शंभर घरांमागे बावीस घरं.

मी म्हटलं, गणित चुकलंय तुमचं. एवढीशी माणसं एवढ्या घरांत राहणार कशी?

म्हणाली, तुमच्यासारखी, आजी.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

दोन दिवस नोंद नाही. कारण सांगते, तसंच लिहा, आपल्या पदरचं घालू नका.

गुरुवारी मी कंपाउंडरांना सांगितलं की जेवायला येऊ नका. परक्या माणसाबरोबर मला एका कुटुंबात घातलं, कॉलनीत तोंड कुठे दाखवू? यांचं नाव निघालं की माझी खरी माणसं आपोआप आत येतील, असा माझा हिशेब होता. मोजणीवालीला फोन केला, नाव काढ म्हटलं. तिने विचारलं, नक्की ना आजी? नक्की म्हटलं. काढलं.

आता कुटुंब: एक माणूस. एक खोली. स्वयंपाकघर मजल्यावर, अकरा बायकांत मिळून.

आज नोटीस आली. वाचायला कुणी नाही. दाराबाहेर जाऊन कंपाउंडरांची कडी वाजवली. दोन दिवस बिस्किटांवर काढले म्हणे, कॉलरवर चुरा होता. मी त्यांना नोटीस वाचायला बोलावलं. जेवायला नाही. ती वेळ सहाची होती, हा योगायोग.

नोटीस अशी: नाव काढण्याबाबत तुमची हरकत दाखल झाली आहे. रविवारी तेवीस तारखेला फेरतपासणी. कुटुंबातल्या सर्वांनी हजर राहावं.

बस, मला हेच हवं होतं. मुद्दामच केलं मी सगळं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

सगळ्यांना फोन झाले. थोरला वीज केंद्रात आहे, तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहतो. दरवेळी शिफ्ट आडवी येते. या वेळी शिफ्ट बदलून घेतो म्हणाला. धाकटा येणार. लेक येणार. नातसुद्धा येणार. एकानेही का म्हणून विचारलं नाही. मी म्हटलं होतं ना?

नव्या घरातल्या खोल्या वाटून टाकल्या. पहिलीत थोरला आणि सून. दुसरीत धाकटा आणि सून, कुत्रा दाराबाहेर. तिसरीत लेक आणि नात. मला कुठेही चालेल, मी स्वयंपाकघरात पडेन.

संकल्प: रविवारनंतर कुणालाही टोमणे मारायचे नाहीत. एकत्र राहायचं तर थोडं सोसावं लागतं.

कंपाउंडर लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, आणि मी संध्याकाळी? मी म्हटलं, बघू. गर्दी असेल.

रविवार, २३ नोव्हेंबर. दुपारी चार.

सगळी आली. सात माणसं एका टेबलाभोवती. मी तीनदा मोजली. नवं पातेलं पहिल्यांदा चढलं, लेबल जळल्याचा वास आला, तरी सगळ्यांनी वाढून घेतलं. थोरली सून नर्स आहे, ती माझी नाडी बघत बघत जेवली. धाकटा माझ्या फ्रिजला कान लावून बसला. लेकीने भात दुसऱ्यांदा घेतला. कंपाउंडरांना मी आज बोलावलं नव्हतं, ते जिन्यात वही घेऊन बसले होते.

मोजणीवाली आली. मी म्हटलं, मोज आता. हात लावून मोज.

तिने एकेकाचा नंबर घातला. थोरला, थोरली: मोजणी झालेली आहे, क्वार्टर्स, कुटुंब दोन. धाकटा, धाकटी: झालेली आहे, कुटुंब दोन. लेक: झालेली आहे, कुटुंब एक. नात आणि मैत्रीण: झालेली आहे, कुटुंब दोन. म्हणाली, आजी, ही सगळी महिन्यापूर्वीच आपापल्या घरी मोजली गेली आहेत. एक माणूस दोनदा मोजता येत नाही. तुमच्या एका घराची आता पाच घरं आहेत.

मी थोरल्याकडे बघितलं. तो भाताकडे.

मी म्हटलं, ठीक आहे. आत्ताचं राहू दे. यांनी नवव्या कॉलममध्ये काय लिहिलं ते वाच. मोजणीवाली म्हणाली, ते त्यांच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही. लेक म्हणाली, सांगा, तिघांची परवानगी आहे. धाकट्याच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, इथेच काहीतरी आहे.

होतंच. तिने वाचलं. थोरल्याकडे वाढ एक. धाकट्याकडे वाढ एक. लेकीकडे वाढ एक.

कंपाउंडर, काय सांगू तुम्हाला. माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. धाकट्याचं बाळ. लेकीचा दातवाला. थोरल्याला या वयात, म्हणजे जरा लाजिरवाणं, पण असो. मी उठून तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, चोरांनो, एवढी गोष्ट माझ्यापासून लपवलीत?

मोजणीवालीने घसा साफ केला आणि पुढचा कॉलम वाचला. वाढणाऱ्या माणसाचं नातं.

आई. आई. आई.

मी पाठीवरचा हात काढून घेतला.

मग सगळे एकदम बोलले. थोरला म्हणाला, आई, एक माणूस जास्त दाखवलं की मोठं क्वार्टर मिळतं, सगळे दाखवतात. थोरलीने त्याला टेबलाखालून लाथ मारली, ती धाकट्याला लागली. धाकटा म्हणाला, मी तसं काही केलं नाही, मला कॉलम रिकामा बघवेना. लेक म्हणाली, मला जास्त खोली नकोय. मी खरंच लिहिलंय. तू कधीतरी येशीलच ना.

मी मोजणीवालीला म्हटलं, अगं, तीन घरांत मी एकटीच वाढतेय, हे चालतं तुमच्यात? ती म्हणाली, आत्ताची माणसं आम्ही तपासतो, आजी. अपेक्षा तपासत नाही.

म्हणजे ही जी रंगीत रेघ वर चढतेय, त्यातली निदान तीन टिंबं मी आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर.

सकाळपासून फोन. तिघेही मला न्यायला तयार आहेत. आजवर नव्हते, आता एकमेकांनी लिहिलं हे कळल्यावर तयार झाले. थोरला म्हणतो, बाल्कनी काचा लावून बंद केली आहे, उजेड भरपूर. धाकटा म्हणतो, सोफा उघडला की पलंग होतो, कुत्रा सध्या त्यावर झोपतो पण त्याला सांगू. लेक म्हणाली, माझी खोली तू घे, मी बाहेर झोपेन. हे बोलताना मला फोनवरून तिचा पाय दिसला. ब्रेकवर.

तिघांनाही सांगितलं, मी कुणाच्या घरात वाढायला येत नाही. माझं घर आहे. थोरला म्हणाला, आई, पण तुला एकच खोली मिळणार. मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं? फोन आपटला. मोबाइल नीट आपटता येत नाही. खाली ठेवावा लागतो.

मग बसले. उठले. पातेलं घासलं. एवढं मोठं पातेलं एका माणसाने घासायचं म्हणजे आत शिरावं लागतं.

सहा वाजता दार उघडं ठेवलं. कंपाउंडर आपल्या दारात उभे होते, आत येत नव्हते. मी म्हटलं, या. भात झालाय. ते म्हणाले, मी आलो तर मोजतील. मी म्हटलं, मोजू द्या.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.

ऑफिसात जाऊन आलो, दोघंही. टोकन घेऊन अडीच तास. कंपाउंडर टोकन हरवून बसले, ते माझ्याच पिशवीत निघालं.

मोजणीवालीने समजावलं. दोघं एका कुटुंबात लागलात तर दोन खोल्या आणि स्वतःचं स्वयंपाकघर. पण मग कंपाउंडरांचा वेगळ्या खोलीचा हक्क जाईल. विचार करून सांगा. त्यांनी विचार केला नाही. म्हणाले, त्या खोलीत जाऊन मी करू काय, तिथे कुणी ओरडत नाही.

नातं काय लिहू, तिने विचारलं. यादी वाचून दाखवली. त्यातलं एकही बसेना. शेवटी होतं, इतर. मी म्हटलं, इतर तर इतर. अंगठा दिला. कंपाउंडरांनी सही केली, ती त्यांनाच परत वाचता आली नाही. अपेक्षित वाढ किती, असं तिने सवयीने विचारलं. मी एकोणऐंशीची, कंपाउंडर ब्याऐंशीचे. आमच्या तोंडांकडे बघून तिने स्वतःच पुढचं पान उघडलं.

तर झालं. तीन खोल्या गेल्या, दोन मिळाल्या. आता मुलं आली तर बसतील एवढी जागा होईल. झोपतील एवढी होणार नाही. कोण आलं होतं झोपायला, असं कंपाउंडर विचारत नाहीत. विचारायला हवं होतं, मग मला भांडता आलं असतं.

सोमवारी कॉलनी रिकामी करायची. तात्पुरत्या खोल्यांत गॅस यायला आठवडा लागणार आहे. तिघांनाही कळवा, या वहीतलं एवढंच पान फाडून पाठवा, आणि या खेपेला अक्षर लागेल असं काढा. थोरल्या सुनेने मऊ भात आणि उकडलेले बटाटे पाठवावेत, मीठ बेताने. धाकटीने अंडी पाठवावीत, कुत्र्याच्या भांड्यात उकडलेली नकोत. लेकीने केळी आणावीत, पिकलेली, येताना दाबून बघावीत. नातीने काही करू नये, नुसतं यावं. सात जणांचं कुणी पाठवू नये, वाया जातं. सगळं दोघांपुरतं.